टाच कधी उचलायची

घोडेस्वारी शिकायला येणाऱ्याला दोनच गोष्टींची घाई असते. घोडा पुढे कसा न्यायचा आणि थांबवायचा कसा. वळवणं त्याला सोपं वाटतं, कारण हातात लगाम असतो. ओढला की वळेल! प्रत्यक्षात ओढल्यावर वळतं ते तोंड. तोंड डावीकडे, अंग मात्र सरळ कुंपणाकडे चाललंय, असा घोडा कुठल्याही रायडिंग क्लबात संध्याकाळी पाहायला मिळतो. शरीर ढकलण्याचं काम मागचे पाय करतात. ते कुठे पडतील यावर आपली सत्ता नसेल, तर लगाम हातात असून नसल्यासारखा.

मी पुण्याजवळच्या एका क्लबात घोडे तयार करते आणि मुलांना शिकवते. आमचे बहुतेक घोडे रेसकोर्सवरून निवृत्त होऊन आलेले थरोब्रेड. पाठीवर बसून त्यांना मी पहिला धडा देते तो हाच: माझा एक पाय अंगाला लागला की पुठ्ठा, म्हणजे घोड्याचा मागचा भाग, दुसऱ्या बाजूला एक पाऊल सरकला पाहिजे. पुढचे पाय जवळजवळ जागच्या जागी पडत राहतात आणि मागचे त्यांच्याभोवती गोल चालतात. पुस्तकी नाव ‘टर्न ऑन द फोरहँड’. दिसायला किरकोळ गोष्ट, पण घोडा आणि स्वार यांच्यातलं बरंच काही या एका पावलावर ठरतं. इतक्या वर्षांत हाती लागलेलं थोडं इथे क्रमाने मांडते.

१. आधी जुना अर्थ पुसा

जॉकीच्या रिकिबी अगदी आखूड असतात. तो गुडघे वर घेऊन घोड्याच्या पाठीवर तोलून उभा असतो आणि त्याची पोटरी घोड्याच्या पोटाला फारशी लागतच नाही. त्यामुळे रेसच्या घोड्याला लांब लोंबणारा पाय ही गोष्टच नवीन. पाय बरगड्यांना टेकला की तो एक तर सुटतो, नाहीतर ताठ होतो. त्याला शिकलेला एकच अर्थ ठाऊक असतो: वरचा माणूस आवळला गेला, पळा.

म्हणून सुरुवातीला मी काहीच मागत नाही. रिकिबी लांब, पाय सैल, आणि कदमचालीने फेऱ्या. पाय नुसता टेकला आहे, त्याचा काही अर्थ नाही, हे घोड्याला पटू द्यायचं. हे पटलं की मगच मुद्दाम लावलेला पाय त्याला वेगळा कळतो. शिवाय रेसच्या घोड्यावर बरेचदा तो चालत असतानाच जॉकीला उचलून बसवतात, त्यामुळे स्वार चढताना थांबायची सवयही त्याला नसते. जो घोडा शांत उभा राहू शकत नाही त्याच्याकडे एकच पाऊल मागता येत नाही. उभं राहणं हा या धड्याचाच भाग आहे.

२. पहिलं पाऊल जमिनीवरून मागा

खोगिरात बसायच्या आधी हे सगळं खाली उभं राहून करता येतं आणि तसंच करावं. मी घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभी राहते. डाव्या हातातल्या दोरीने त्याचं तोंड किंचित माझ्याकडे घेते. उजव्या हाताची बोटं तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या, चार बोटं मागे टेकवते, जिथे पुढे माझी टाच येणार आहे तिथेच. आधी नुसता स्पर्श. मग हळूहळू वाढवत नेलेला दाब. तरीही काही नाही, तर बोटांनी एकसारखं टकटक.

आता बघत राहायचं. आधी कान मागे वळतो. शेपटी एकदा हलते. बरेच घोडे उलट माझ्याच हातावर रेलतात, कारण दाबाच्या विरुद्ध रेटणं हा त्यांचा स्वभाव. हात काढायचा नाही आणि रागाने वाढवायचाही नाही. थोड्या वेळाने घोडा मागच्या डाव्या पायावरचं वजन काढतो. त्या खुराची टाच वर येते, पाय उचलला जातो आणि मागच्या उजव्या पायाच्या पुढून पलीकडे पडतो. पाय उचलला जात असतानाच माझा हात अंगावरून सुटलेला असतो. मग मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे खाजवते. कळपात घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात.

घोड्याच्या मागे आणि साहेबाच्या पुढे उभं राहू नये, हे आपल्याकडे शहाणपणाने सांगितलेलं आहे. त्यात एक भर: बाजूला, मांडीच्या रेषेतही उभं राहू नये. घोडा पुढे आणि बाजूलाही लाथ झाडतो. खांद्याशी उभं राहिलं की आपण त्याला दिसतो आणि लाथेच्या टप्प्यात येत नाही.

या जमिनीवरच्या धड्याचा आणखी एक फायदा आहे. मागचे पाय एकमेकांना ओलांडत असताना घोड्याला जोराने पुढे उसळता येत नाही. बिथरलेल्या घोड्याला काबूत आणताना हेच एक पाऊल कामाला येतं.

३. शिकवण दाबात नाही, सोडण्यात आहे

आमच्या तबेल्यातले मामा आयुष्यभर घोडे सांभाळत आलेत. मुलं पाय लावून बसली आणि घोडी केव्हाच सरकली, की ते कुंपणापलीकडून ओरडतात, “पोरी, पाय लावलास ते बरं केलंस. आता काढ की! घोडी कवाची गेली, तू अजून तिथंच!”

सगळं शास्त्र या ओरडण्यात आलं. घोडा दाबातून शिकत नाही. दाब नाहीसा होतो त्या क्षणी स्वतः काय करत होतो, ते तो लक्षात ठेवतो. पाय उचलला जाताना टाच सुटली, तर ‘पाय उचलला की सुटका’ हे त्याला कळतं. क्षणभर उशीर झाला की तेवढ्यात घोड्याने पाय टेकवलेला असतो, कदाचित अंग पुन्हा आपल्याकडे झुकवलेलं असतं. मग त्याला सुटका मिळते ती झुकण्याबद्दल. मन लावून चुकीची गोष्ट शिकलेला घोडा असाच तयार होतो, आणि स्वार म्हणतो, “हट्टी आहे.”

ग्रीक सेनानी झेनोफनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. घोड्याने मनासारखं केलं की त्याला आराम वाटेल असं काही करावं, हा त्याचा आग्रह. पुढे मानसशास्त्राने याला वजनदार नावं दिली, पण तबेल्यातला नियम तोच राहिला. टाच कधी लावायची हे दोन दिवसांत येतं. कधी उचलायची यात उमेदीची वर्षं खर्ची पडतात.

४. एक पाऊल म्हणजे एकच पाऊल

मागचा पाय एकदा ओलांडून पडला की थांबायचं. श्वास सोडायचा. मग दुसरं पाऊल मागायचं.

सलग अर्धी फेरी मारणारा घोडा बघायला छान वाटतो, पण त्यातली बरीच पावलं न मागता टाकलेली असतात. घोडा पळ काढत असतो आणि आपण त्याला प्रगती समजतो. मागितलं तेव्हा एक आणि थांब म्हटल्यावर शून्य, एवढं जमलं की अर्धी फेरी आपोआप जमते.

५. तोंड फक्त डोळ्याच्या कडेपुरतं वळवा

खोगिरातून मागताना हात फार बोलतो. डाव्या पायाने पुठ्ठा उजवीकडे न्यायचाय, म्हणून डावा लगाम थोडा घ्यायचा. थोडा म्हणजे किती? बसल्या जागेवरून घोड्याच्या डाव्या डोळ्याची कड आणि नाकपुडीची कड दिसेल इतकाच.

घोड्याच्या मानेत सात मणके असतात आणि मान वाटेल तशी वळते. पाठ मात्र तशी नाही. बरगड्यांच्या अठरा जोड्या आणि त्यांना धरून असलेला कणा फारच थोडा वाकतो. म्हणून लगाम जास्त ओढला की सगळं वळण मानेतच संपतं. उजवा खांदा बाहेर पडतो आणि घोडा तिरका पुढे चालू लागतो. पुठ्ठा होता तिथेच. उपाय उजव्या हातात आहे. बाहेरचा लगाम मागे न ओढता नुसता धरून ठेवला की खांदा बाहेर निसटत नाही, आणि मग डाव्या पायाचं म्हणणं मागच्या पायांपर्यंत पोहोचतं.

६. पायाची वेळ घोड्याच्या पोटाला विचारा

पाय कुठे लावायचा हे पहिल्याच दिवशी सांगून होतं: तंगाच्या चार बोटं मागे. तोही मांडीपासून अख्खा पाय मागे नेऊन. गुडघा वर उचलून टाच खुपसायची नाही. कधी लावायचा हे मात्र सांगून येत नाही. ते अंगाला कळावं लागतं.

कदमचालीत घोडा चार ठेक्यांत चालतो: मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा, पुढचा डावा. मागचा डावा पाय उचलून पुढे येतो तेव्हा त्याला जागा हवी असते, म्हणून पोट उजवीकडे झुलतं. त्याच वेळी स्वाराची डावी बैठक किंचित खाली जाते आणि डावा पाय आपसूक आत पडतो. मागायची वेळ ती. तो पाय हवेत आहे, म्हणजे कुठे टेकवायचा ते अजून ठरवता येतं. एकदा खूर जमिनीवर पडून अंगाचं वजन त्यावर आलं की कितीही टाच मारा, तो ओलांडून जाऊच शकत नाही. त्या वेळी मारलेली प्रत्येक टाच वाया जाते आणि घोड्याला एवढंच शिकवते की टाचेकडे लक्ष द्यायची गरज नाही.

हे शिकवायला मी मुलांना लगाम सोडून, डोळे मिटून बसवते. मामा दोरी धरून घोडा चालवतात. मुलाने मागचा डावा पाय उचलला गेला की “आत्ता” म्हणायचं. सुरुवातीला “आत्ता” कुठेही पडतो. काही जण पुढच्या पायाच्या तालावर म्हणतात, कारण पुढचा खांदा डोळ्यांनी बघायची सवय असते. डोळे मिटले की हळूहळू बैठकीतून कळायला लागतं, आणि “आत्ता” एका तालात येतो. त्या दिवसापासून टाच हलकी होते. हलकी ठेव असं वेगळं सांगावं लागत नाही.

७. बाकीचं शरीर गप्प ठेवा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला. खूर आपटून तो बेरजांची उत्तरं द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने १९०७ मध्ये कोडं उलगडलं. घोड्याला गणित येत नव्हतं. योग्य आकडा आला की समोरचा माणूस नकळत डोकं किंचित वर करायचा, आणि तेवढ्यावर हान्स थांबायचा. विचारणाऱ्याला स्वतःलाही ती हालचाल ठाऊक नसायची.

समोरच्या माणसाच्या डोक्याची तेवढी हालचाल ज्याला दिसते, त्याच्या पाठीवर बसून आपण काय काय सांगत असतो याचा अंदाज करा. पुठ्ठा उजवीकडे हवा म्हणून स्वार डावा पाय लावतो, आणि लावताना त्याची डावी कंबर मोडते, सगळं वजन डावीकडे येतं. आता पाय म्हणतो उजवीकडे जा आणि वजन म्हणतं डावीकडे ये. घोडा बहुधा वजनाचं ऐकतो, कारण पाठीवरचा भार तोलणं ही त्याची गरज आहे. मुलगा म्हणतो, “ऐकत नाही.” घोडा तर नीट ऐकतोय. फक्त आपण ज्याला इशारा समजतो, तो इशारा तो ऐकत नाही.

घोड्याच्या अंगावर माशी बसली तर नेमकी तेवढीच कातडी थरथरते, कारण कातडीखाली तिला हलवणारा वेगळा स्नायू असतो. इतक्या नाजूक अंगाला टाच ऐकू येत नाही असं होत नाही. इतर गोंगाटात ती हरवते. म्हणून टाचेचा जोर वाढवण्याआधी खांदे, कंबर आणि दुसरा पाय शांत करायचा.

८. तट्टू आपणच बनवतो

‘तट्टाला टोणपा, तेजीला इशारत’ ही म्हण घोडेवाल्यांच्या तोंडी असते. जातिवंताला खूण पुरते, तट्टाला सोटाच लागतो. माझा अनुभव याच्या उलट आहे. टोणपा मिळत गेला म्हणून तो तट्टू झालेला असतो.

शिकाऊ मुलांचे पाय हलतात. तोल सांभाळायला ती टाचांनी घोड्याला धरतात आणि पावलागणिक टाच बडवत राहतात. दिवसभर “अभ्यास कर, अभ्यास कर” म्हणणाऱ्या आईचा आवाज मुलाच्या कानावरून जसा वाहून जातो, तसं त्या टाचेचं होतं. काही महिन्यांत माशीला थरथरणारा तोच घोडा टाचेला ढिम्म हलत नाही. जातिवंत थरोब्रेडही यातून सुटत नाही. त्याला बधिर होणं आपणच शिकवलेलं असतं, आणि मग आपणच त्याला मंद ठरवतो.

यावर उतारा म्हणजे स्पष्ट पायऱ्या. आधी पोटरीचा स्पर्श. उत्तर नाही, तर दाब. तरीही नाही, तर पायाच्या लगेच मागे छडीचा एक स्वच्छ टक. एकच, आणि रागाशिवाय. उत्तर मिळालं की सगळं सोडून द्यायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा स्पर्शापासून सुरुवात करायची. मधल्या पायरीवर रेंगाळत टुमणं लावणं सगळ्यांत वाईट. स्पर्शाला उत्तर देऊन घोडा पुढच्या पायऱ्या टाळू शकतो, हे त्याला समजलं की तो स्वतःहून तेजी होतो.

९. दोन्ही बाजू वेगवेगळ्या शिकवा

माणसासारखेच घोडेही डावरे-उजवे असतात. त्यात भर म्हणजे आपण घोड्याला नेहमी डावीकडून धरतो, डावीकडून खोगीर घालतो, डावीकडून चढतो. डाव्या पायाने पुठ्ठा अलगद उजवीकडे नेणारी घोडी उजवा पाय लावला की खांबासारखी उभी राहते, हे रोजचं आहे. एका बाजूला शिकलेलं दुसऱ्या बाजूला नव्याने, पुन्हा जमिनीवरूनच, शिकवायचं.

अवघड बाजूला जास्त वेळ घासत बसायचं नाही. तिथे कमी मागायचं आणि लवकर सोडायचं. आणि एक काम आजपासूनच: खरारा करताना आणि घोडा चालवताना बाजू बदलायची.

१०. नकार आला तर आधी अंग तपासा

पुठ्ठा बाजूला टाकताना मागच्या पायाचा गुडघा, घोटा, कंबर या सगळ्यांवर आडवा ताण येतो. तिथे दुखत असेल तर घोडा नाहीच म्हणणार. शर्यतीच्या घोड्यांत जठरातले अल्सर फार आढळतात. तंग आवळताना दात दाखवणारा, पायाचा स्पर्श होताच पोटाकडे वळून चावायला जाणारा घोडा बरेचदा तेच सांगत असतो. खोगीर पाठीला टोचतंय का, नाल सैल झालीय का, घोडी माजावर आहे का, हे सगळं आधी बघायचं. पशुवैद्याला बोलावणं छडी वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

जमीनही बघायची. कडक मुरमावर जागच्या जागी वळणं सांध्यांना त्रास देतं, आणि पावसाळ्यातल्या चिखलात ओलांडणारा पाय घसरतो. वाळू किंवा मऊ माती नसेल तर त्या दिवशी हा धडा नको.

११. प्रत्येक पावलानंतर पुढे चला

दोन पावलं आडवी आणि मग लगेच मोकळी, जोरकस कदमचाल. हे विसरलं तर हुशार घोडा एक खोड शिकतो. कुठलाही पाय लागला, पुढे जायला सांगितलं तरी, तो पुठ्ठा झुलवतो आणि जागेवरच फिरतो. प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर.

या धड्याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. घोडा उभा असताना त्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन मुळातच पुढच्या पायांवर असतं, आणि पुढच्या पायांभोवती फिरवल्याने ते मागे जात नाही. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा बोशे यांनी १८४२ मधल्या आपल्या पुस्तकात पुठ्ठा खांद्याभोवती फिरवण्याला मोठं स्थान दिलं आणि त्यावर पुढे कडाक्याचे वाद झाले. त्याच्या शंभरेक वर्षं आधी ला गेरिनिएर यांनी चालत्या घोड्याचा खांदा आत घेण्यावर भर दिला होता. त्यात मागचा पाय पोटाखाली येऊन भार उचलायला शिकतो.

मला या दोघांत भांडण दिसत नाही, क्रम दिसतो. आधी उभ्या घोड्याला पाय म्हणजे काय ते समजू द्यायचं. मग चालताना तिरकं सरकणं. मग खांदा आत. मग पुठ्ठा आत घेऊन भिंतीकडेने चालणं. शेवटी हाफ-पास, म्हणजे मैदान तिरकं कापत जाणं. २०२३ मध्ये हांगझोउच्या एशियाडमध्ये भारताच्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) संघाने सुवर्णपदक मिळवलं. १९८२ नंतर, ४१ वर्षांनी आपल्याला घोडेस्वारीत मिळालेलं हे सुवर्ण, आणि संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. त्या चौघांचे घोडे मैदानभर कापत जाताना टीव्हीवर स्वारांचे पाय हलतानाही दिसत नव्हते. त्यांची सुरुवातही अशाच एखाद्या साध्या पावलाने झालेली असते.

१२. उपयोग मैदानाबाहेर जास्त

घोड्यावर बसूनच फाटक उघडायचं असेल, तर कडी हाताशी येईपर्यंत घोडा बाजूला सरकवावा लागतो. रस्त्यावर मागून ट्रक आला तर पुठ्ठा आत घ्यावा लागतो. अरुंद डोंगरवाटेवर घोडा वळवायची वेळ आली तर नवख्याला वाटतं तोंड डोंगराकडे असावं. जाणते घोडेवाले उलट करतात: तोंड दरीकडे, पुठ्ठा डोंगराकडे. पुढचे पाय घोडा डोळ्यांनी बघून टाकतो. मागचे पाय त्याला दिसत नाहीत, म्हणून ते कड्यापासून लांब ठेवायचे. हे वळण म्हणजे आपला हाच धडा, आणि तिथे न मागितलेलं एक पाऊलही परवडत नाही.

घोडा विकत घेतानाही मी हेच बघते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हलगीच्या तालावर घोडे नाचतात, दोन पायांवर उभे राहतात, लोक टाळ्या वाजवतात. मी विकणाऱ्याची परवानगी घेऊन घोड्याच्या खांद्याशी जाते आणि तंगाच्या जागी बोटं टेकवते. उत्तर काय येतं त्यावरून खूप कळतं. सहज सरकला, तर कुणीतरी त्याच्याशी सभ्यपणे वागलं आहे. उडी मारून सरकला, तर हात म्हणजे मार असं त्याला वाटतं. अंगावर रेलला, तर अजून काही शिकवलेलं नाही, आणि हा घोडा मला सगळ्यांत आवडतो.

१३. परीक्षा दुसऱ्याच्या पायाखाली

माझ्या पायाला पुठ्ठा हलवणारा घोडा तयार झाला, असं मी म्हणत नाही. माझी बैठक, माझा श्वास, माझी चढण्याची पद्धत यांची त्याला सवय झालेली असते. हान्ससारखा तोही माझ्याकडे बघून उत्तर देत असेल. म्हणून शेवटी त्यावर वेगळ्या उंचीचा, वेगळ्या वजनाचा स्वार बसवते आणि स्वतः कुंपणापाशी, पाठ करून उभी राहते.

आमच्या एका कुमैत घोडीवर अशीच एक शाळकरी मुलगी बसवली होती. पाय आखूड, जोर नाहीच. तिने पोटरी टेकवली, घोडीने मागचा पाय ओलांडून टाकला, आणि मुलीने लगेच पाय सैल सोडला. मामांना ओरडायची वेळच आली नाही. त्या दिवसापासून ती घोडी मुलांच्या तासाला लावली. तास संपल्यावर मात्र रोज कुणीतरी जाणत्याने तिच्यावर पाच मिनिटं बसायचं, दोन्ही बाजूंना दोन-दोन पावलं स्पर्शावर मागायची आणि उतरायचं, असा नियम केला आहे. दिवसभरात मुलांच्या टाचांनी जे पुसलं जातं, ते रोजच्या रोज पुन्हा लिहावं लागतं. एक आठवडा हा नियम मोडला, तर पुढच्या सोमवारी घोडी ते लगेच दाखवून देते.